सांबऱ्याच्या उन्हात दुसरं इंजिन: मल्टी इंजिनला बसण्याआधी अपघात अहवाल कसे वाचावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच पोरं-पोरी आता फ्लायिंगकडे वळली आहेत. सांबऱ्याच्या विमानतळावर प्रशिक्षणाची विमानं रोज घिरट्या घालताना दिसतात, त्यामुळे घरच्यांनाही हे क्षेत्र पूर्वीइतकं परकं वाटत नाही. एका इंजिनावरचे तास संपत आले की मल्टी इंजिन रेटिंगचा, म्हणजे दोन इंजिनांचं विमान उडवण्याच्या परवानगीचा, विषय निघतो, आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो: "आता दोन इंजिनं आहेत म्हणे, एक बंद पडलं तर दुसरं आहेच की!"

हा लेख त्या "आहेच की"साठी आहे. दुसरं इंजिन म्हणजे गाडीतली स्टेपनी, असं डोक्यात ठेवून कॉकपिटमध्ये बसू नका. लहान ट्विनमध्ये, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानात, एक इंजिन गेलं की उरलेलं इंजिन मदतही करतं आणि तेच विमान उलटवूही शकतं. कोणत्या परिस्थितीत काय घडतं, हे अपघातांच्या अधिकृत अहवालांमधून फार चांगलं कळतं. अडचण इतकीच की ते कसे वाचायचे हे कोणी शिकवत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना तर शंभर पानांची इंग्रजी पीडीएफ बघूनच धडकी भरते. मी ज्या क्रमाने वाचत गेलो, तो खाली देतो.

जवळ काय लागेल

- ज्या विमानावर शिकणार त्याचं पायलट्स ऑपरेटिंग हँडबुक. त्याच्या सिरियल नंबरला लागू असलेलंच हवं. मित्राने पाठवलेली दुसऱ्या मॉडेलची पीडीएफ चालणार नाही.
- त्या विमानाचं वेट अँड बॅलन्स शीट, म्हणजे वजनाचा आणि गुरुत्वमध्याचा हिशेब.
- फ्लाइट कॉम्प्युटर किंवा साधा कॅल्क्युलेटर.
- एक जाड वही. मोबाईलमधल्या नोट्स पुन्हा उघडून बघितल्या जात नाहीत.
- अहवाल. भारतात 2012 पासून एएआयबी (विमान अपघात तपास ब्युरो) तपास करतं. त्याआधीचं काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, होतं. दोघांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. परदेशातले हवेत तर तिथल्या तपास संस्था बघा: अमेरिकेचं एनटीएसबी, ऑस्ट्रेलियाचं एटीएसबी आणि ब्रिटनचं एएआयबी. लहान ट्विनचे अपघात एनटीएसबीकडे सर्वांत जास्त सापडतील, कारण तिथे ही विमानंच जास्त आहेत.

1. आधी बातमी बाजूला ठेवा

अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात "इंजिन बंद पडल्याने विमान कोसळले" असं छापून येतं. हे वाक्य तुमच्या काहीही कामाचं नाही. इंजिन बंद पडणं आणि विमान कोसळणं यांच्या मधे काही सेकंद असतात, आणि तुम्हाला शिकायचं आहे ते त्या सेकंदांत काय झालं हे.

प्राथमिक अहवाल आणि अंतिम अहवाल यांत गल्लत करू नका. प्राथमिक अहवाल साधारण महिन्याभरात येतो. त्यात वस्तुस्थिती असते, कारण नसतं. अंतिम यायला वर्ष किंवा जास्तही लागतं. प्राथमिक अहवालातलं एखादं वाक्य उचलून "पायलटचीच चूक" म्हणणारे फॉरवर्ड व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते तिथेच राहू द्या. दोष कोणाचा हे ठरवणं हा या तपासाचा हेतू नसतोच; पुन्हा असं घडू नये एवढ्यासाठीच तो असतो.

2. अहवाल तीन फेऱ्यांत वाचा

पहिल्या फेरीत फक्त उड्डाणाचा वृत्तांत, हवामान, वजन आणि वैमानिकाचा अनुभव. कारणाचं पान उघडायचं नाही.

मग वहीत पाच गोष्टी लिहायच्या: जमिनीपासून उंची किती होती, वेग ब्लू लाइनच्या (वेगमापकावरची निळी रेष; एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण देणारा वेग) वर होता की खाली, वजन किती, डेन्सिटी अल्टिट्यूड (त्या तापमानाला हवा जितकी विरळ, तितकी विरळ हवा एरवी ज्या उंचीवर असते ती उंची) किती, आणि चाकं-फ्लॅप (पंखांमागच्या झडपा)-प्रोपेलर कोणत्या स्थितीत. त्याखाली तुमचा अंदाज: इथे काय बिघडलं असेल?

दुसऱ्या फेरीत विश्लेषण आणि निष्कर्ष. तुमचा अंदाज कुठे चुकला ते तिथे कळतं, आणि खरं शिक्षण तेच. तिसरी फेरी तुमच्या विमानाचं हँडबुक शेजारी उघडून: हेच माझ्या विमानात, माझ्या धावपट्टीवर झालं असतं तर?

"मी असतो तर असं केलंच नसतं" हा विचार मनात आला की तो अहवाल परत पहिल्यापासून वाचा. ज्यांचे अपघात झाले त्यांतल्या बऱ्याच जणांकडे हजारो तासांचा अनुभव होता.

3. इंजिन गेल्यावरचे अपघात आधी घ्या

या गटाला सर्वांत जास्त वेळ द्या. इथलं गणित पक्कं झालं की बाकीचं सोपं जातं.

विमान वर चढतं ते शिलकीच्या ताकदीवर. सरळ उडायला जेवढी ताकद लागते ती वजा करून जे उरतं, त्यावर चढण मिळते. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण निम्म्यावर थांबत नाही. ती ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त घटते. पायपर सेमिनोल या लहान ट्विनचं उदाहरण घ्या. समुद्रसपाटीला, पूर्ण वजनात, दोन्ही इंजिनांवर ते मिनिटाला सुमारे 1,300 फूट चढतं. एका इंजिनावर जेमतेम 200. तेसुद्धा बंद इंजिनाचा प्रोपेलर फेदर केलेला (म्हणजे पाती वाऱ्याला कमीत कमी अडतील अशी वळवलेली), चाकं आत, फ्लॅप वर आणि वेग अचूक ब्लू लाइनवर असेल तर.

बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट: 6,000 पौंडांपर्यंतच्या, कमी स्टॉल वेगाच्या (स्टॉल म्हणजे पंखांची उचल तुटणं) ट्विनला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे, अशी अट जुन्या अमेरिकी प्रमाणपत्र नियमांत नव्हती. किती चढतं हे मोजून सांगायचं, बस्स. तो आकडा उणे असला तरी चालत असे. आपण ज्या विमानांवर शिकतो त्यांतली बरीच याच वजनगटातली आहेत.

आता यात सांबरा घाला. विमानतळाची उंची सुमारे 2,490 फूट. एवढ्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण 10 अंश धरतात. एप्रिलमधल्या दुपारी पारा 36 वर गेला की फरक 26 अंशांचा. दर अंशाला 120 फूट धरले तर तीन हजारांहून अधिक फूट वाढतात, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड 5,600 च्या आसपास. सेमिनोलची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे जिच्या वर चढण जवळजवळ संपते ती उंची, पूर्ण वजनात सुमारे 3,800 फूट आहे. म्हणजे त्या दुपारी पूर्ण वजनाचं सेमिनोल सांबऱ्याच्या धावपट्टीवर उभं असतानाच त्या मर्यादेच्या वर असतं! डिसेंबरच्या पहाटे, 15 अंशांना, हाच आकडा 3,100 होतो आणि तेच विमान थोडं का होईना चढतं. तेच विमान, तीच धावपट्टी, उत्तर वेगळं. समुद्रकिनाऱ्यालगत शिकलेल्या मित्राचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही तो यामुळे.

न चढणारं विमान हळूहळू खाली येतं, तेवढ्याने माणसं सहसा मरत नाहीत. नाक वर ओढून ते जबरदस्तीने चढवायला गेल्यावर मरतात. वेग ब्लू लाइनवरून घसरतो, लाल रेषेपाशी म्हणजे व्हीएमसीपाशी (एका इंजिनावर विमान ताब्यात राहतं तो किमान वेग) येतो, आणि चालू इंजिनाचा जोर रडरला (शेपटीवरच्या सुकाणूला) आवरत नाही. विमान बंद इंजिनाकडे वळतं, लवंडतं आणि उलटं होतं. जमिनीपासून दोन-तीनशे फुटांवर हे झालं तर सावरायला जागाच नसते. 1972 ते 1976 मधल्या अशा अपघातांचा एनटीएसबीने खास अभ्यास केला होता. इंजिन गेल्यावर झालेल्या अपघातांत जीव जाण्याचं प्रमाण एका इंजिनाच्या विमानांपेक्षा लहान ट्विनमध्ये बरंच जास्त, असं त्यात दिसलं.

एका इंजिनाच्या वैमानिकापुढे पर्यायच नसतो, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडतं. 2023 च्या मे महिन्यात सांबऱ्याहून निघालेलं एक लहान प्रशिक्षण विमान होन्निहाळजवळ शेतात उतरवलं गेलं. आतले दोघेही वाचले. आपल्याकडे उन्हाळ्यात भाताची, सोयाबीनची रानं मोकळी असतात. ट्विनच्या वैमानिकाला मात्र चालू इंजिन मोह घालतं, की परत जाऊ, जमेल.

आता हे दोन अहवाल वाचा. पहिला, टेक्ससमधल्या अॅडिसनचा, 30 जून 2019. किंग एअर 350 ने उड्डाण घेतलं आणि लगेच डाव्या इंजिनाचा जोर गेला. अशा वेळी उजवा रडर हवा. आधी दाबला गेला तो डावा. विमान उलटून हँगरवर आदळलं, दहाही जण गेले. "डेड फूट, डेड इंजिन" (जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन बंद) हे पाठ असणं वेगळं आणि दचकलेल्या पायाने ते करणं वेगळं, हे इथे दिसतं. दुसरा, मेलबर्नजवळच्या एसेंडनचा, 21 फेब्रुवारी 2017, किंग एअर बी200. यात इंजिनाचा दोषच सापडला नाही. रडर ट्रिम (रडरला एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी) पूर्ण डावीकडे राहिला होता आणि उड्डाणाआधी कोणाच्या लक्षात आलं नाही. पाच जणांचा जीव गेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही अपघात सारखेच दिसले असते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. किंग एअर हे टर्बोप्रॉप (जेटसारख्या टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारं), त्यात ऑटोफेदर (आपोआप फेदर होणं) असू शकतं आणि ताकद भरपूर. पिस्टन ट्विनला तसलं काही नसतं. त्यामुळे किंग एअरच्या अहवालातून माणसाचं वागणं शिका. विमानाच्या क्षमतेचे आकडे तुमच्याच हँडबुकमधून घ्या.

4. मग प्रशिक्षणातले अपघात

हा गट आपल्याला सर्वांत जवळचा, तरी सगळे टाळतात. 1960 च्या दशकात अमेरिकेत पायपर ट्विन कोमँचीवर व्हीएमसीचं प्रात्यक्षिक कमी उंचीवर करताना बरेच अपघात झाले. पुढे त्या विमानाचा व्हीएमसी ताशी 80 वरून 90 मैल करण्यात आला आणि असे सराव पुरेशा उंचीवरच करायची शिस्त आली. आज जमिनीपासून निदान 3,000 फूट, असं शिकवतात.

आपल्या पठारावर यात एक जास्तीची गाठ आहे. टर्बोचार्जर नसलेल्या विमानात उंची वाढते तसा इंजिनाचा जोर घटतो, त्यामुळे व्हीएमसी खाली येतो. स्टॉलचा दर्शवलेला वेग मात्र जवळपास तोच राहतो. सांबऱ्याच्या जमिनीवर 3,000 फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार. उन्हाळ्यात तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड आठ हजारांच्या वर जाते. तिथे व्हीएमसी आणि स्टॉल एकमेकांना येऊन भिडतात. एका बाजूला जोर असताना स्टॉल झाला तर स्पिन (गरगरत खाली येणं), आणि या विमानांना स्पिनमधून बाहेर येण्याचं प्रमाणपत्र नसतं. स्टॉलची पहिली खूण दिसली की प्रात्यक्षिक तिथेच संपलं: जोर कमी, नाक खाली. प्रशिक्षक ही मर्यादा सरावाआधी स्वतःहून सांगत नसतील तर तुम्ही विचारा. विचारायला लाजायचं कसलं? फी तुमची आहे, जीवही तुमचा आहे.

5. इंधन, वजन, हवामान

इंधनाचे अहवाल वाचायला कंटाळवाणे वाटतात. इंधन संपलं, टाकी चुकीची निवडली, क्रॉसफीड (एका बाजूच्या टाकीतून दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला इंधन देणारी जोडणी) तसाच राहिला. यातलं काहीही झालं की दोन्ही इंजिनं पाठोपाठ जाऊ शकतात. चुकीचं इंधन भरण्याचा प्रकार तर ट्विनमध्ये आणखी घातक. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये इंडियानातल्या कोकोमोजवळ एक पायपर एअरोस्टार पडलं. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या विमानात जेट इंधन भरलं गेलं होतं. आपल्याकडे विमानं उभी करायच्या एकाच एप्रनवर जेट ए-1 (जेट इंधन) वर चालणारं डीए42 आणि अॅव्हगॅसवर (विमानाच्या पेट्रोलवर) चालणारी सेनेका, ही दोन ट्विन शेजारी उभी असू शकतात. टँकर आला की स्वतः उभं राहा आणि नंतर नमुना काढून रंग-वास तपासा. उन्हात दहा मिनिटं उभं राहावं लागतं, राहा.

डीए42 वर शिकणार असाल तर जर्मनीतल्या श्पायरचा 2007 चा अहवाल चुकवू नका. बॅटरी उतरलेली होती, इंजिनं बाहेरच्या वीजपुरवठ्याने सुरू केली. उड्डाणानंतर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं, इंजिनांची संगणकीय नियंत्रणं एकदमच गोंधळली आणि दोन्ही इंजिनं एकत्र गेली. दोन इंजिनं असली तरी त्यांच्यात सामाईक काय आहे, हा प्रश्न प्रत्येक सिस्टिमला विचारायची सवय त्या अहवालाने लागते.

वजनासाठी बहामातला 25 ऑगस्ट 2001 चा अपघात. गायिका आलिया हॉटन त्यात गेली, म्हणून तो गाजला. नाव विसरा आणि आकडे बघा: सेसना 402बी, मर्यादेपेक्षा सुमारे 700 पौंड जास्त वजन, गुरुत्वमध्य मागच्या सीमेच्याही मागे. नऊ मृत्यू. आपल्याकडे सरावाच्या उड्डाणात मागच्या सीटवर "जरा बघायला" म्हणून मित्र बसतो. बसू दे, पण शीट नव्याने भरा.

हवामानाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण यात दोन इंजिनांचा काहीच फायदा नाही. माधवराव शिंदे यांचं किंग एअर सी-90 हे 30 सप्टेंबर 2001 ला मैनपुरीजवळ खराब हवामानात पडलं. मोटार शर्यतींतले ग्रॅहम हिल 29 नोव्हेंबर 1975 ला दाट धुक्यात स्वतःचं पायपर अॅझटेक लंडनजवळ उतरवायला निघाले होते. दोन्ही वेळा विमानातलं कोणी वाचलं नाही. आपल्या भागात जून ते सप्टेंबर जांबोटी-चोर्ल्याकडून येणारे ढग घाटमाथ्यावर टेकतात, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येण्याआधी जो वारा सुटतो तो दिशा बदलायला दोन मिनिटंही घेत नाही. बेळगावकराला हे सांगायला नको. पण हैदराबाद-दिल्लीहून आलेल्या बॅचमेटला जरूर सांगा.

6. आपल्या धावपट्टीचा तक्ता करा

वाचून झालेले अहवाल वहीत पडून राहिले तर उपयोग शून्य. हँडबुकमधल्या एका इंजिनाच्या चढणीच्या आलेखातून तुमच्या विमानासाठी 15, 20, 25, 30, 36 अंशांना सांबऱ्यावर काय मिळतं ते काढा. प्रत्येक तापमानाला दोन वजनं: फक्त दोघे आणि अर्ध्या टाक्या; तिघे आणि भरलेल्या टाक्या. उणे आकड्यांना लाल शाई. आलेख नव्या विमानाचे, कसबी वैमानिकाने काढलेले असतात, म्हणून थोडी शिल्लक ठेवूनच बघा.

हा तक्ता घेऊन प्रशिक्षकाकडे जा. चांगला प्रशिक्षक खुश होतो आणि त्यात दुरुस्त्या सुचवतो. "हे सगळं पुस्तकी आहे" म्हणणारा भेटला तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

7. उड्डाणाआधीचं ब्रीफिंग स्वतःचं स्वतः लिहा

अहवालांतून जे मिळालं ते शेवटी या चार-पाच वाक्यांत उतरलं पाहिजे, आणि ती वाक्यं प्रत्येक वेळी मोठ्याने म्हटली पाहिजेत. छापील कार्डावरचं ब्रीफिंग सगळ्या विमानतळांना एकच असतं. तुमच्यात त्या दिवशीचं तापमान आलं पाहिजे. सांबऱ्यासाठी नमुना देतो; तुमचं हँडबुक आणि प्रशिक्षक यांच्याशी ताडून बदलून घ्या:

"आज 34 अंश, डेन्सिटी अल्टिट्यूड सव्वापाच हजारांच्या वर. तक्त्यानुसार एका इंजिनावर चढण जवळजवळ नाही. धावपट्टीवर असताना काहीही बिघडलं तर दोन्ही थ्रॉटल मागे, ब्रेक. उचलल्यावर पुढे धावपट्टी शिल्लक असेपर्यंत चाकं खालीच. तेव्हा बिघडलं तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि समोरच उतरायचं. चाकं आत घेतल्यावर बिघडलं तर नाक खाली, ब्लू लाइन धरायची. सगळे लिव्हर पुढे, फ्लॅप-चाकं वर, बंद इंजिन ओळखायचं, त्याचा थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची, फेदर. चालू इंजिनाकडे दोन-तीन अंश कल. तरीही उंची टिकली नाही तर ब्लू लाइन न सोडता समोरचं मोकळं रान. थ्रॉटल मी हाताळणार, फेदर करण्याआधी तुम्ही, म्हणजे प्रशिक्षक, 'बरोबर' म्हणणार."

सांबऱ्याची धावपट्टी 2,300 मीटरची आहे, लहान ट्विनला भरपूर. म्हणून चाकं घाईने आत घेण्यात इथे काही मिळत नाही. 800 मीटरच्या एअरस्ट्रिपवर हे वाक्य बदलावं लागेल. ब्रीफिंगच्या शेवटी समोरचं रान कोणत्या बाजूला आहे तेही म्हणा: धावपट्टी 26 वरून (पश्चिमेकडे) निघालात तर पुढे शहराची वस्ती येते, 08 वरून (पूर्वेकडे) निघालात तर शेतं जास्त. दर हंगामात एकदा खालून, दुचाकीवरून फिरून ती शेतं बघून या. ऊस उभा आहे की कापलाय, विजेच्या तारा कुठून गेल्यात, नवीन शेड कुठे उठली, हे वरून नीट दिसत नाही.